तीन वर, तीन खाली

देहू आणि आळंदी ही दोन्ही गावे इंद्रायणीच्या काठावर, एकमेकांपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. लोकसभेच्या नकाशात मात्र देहू मावळ मतदारसंघात आहे आणि आळंदी शिरूरमध्ये. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आकुर्डीमार्गे आणि ज्ञानोबांची दिघीमार्गे आमच्या पिंपरी-चिंचवड शहरातून जाते, तेव्हा त्या दोन वाटांचे खासदारही वेगवेगळे असतात. पश्चिमेला वाकडचा पूल ओलांडून हिंजवडीत शिरले की बारामती मतदारसंघ सुरू होतो. २०२४ साली हिंजवडीने ७ मे रोजी मतदान केले आणि वाकडने १३ मे रोजी. मधे फक्त एक महामार्ग.

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. लग्न होऊन लातूर जिल्ह्यातून आकुर्डीला आले. नवरा कंपनीत, चाळीतली एक खोली, आणि इथले माझे पहिले मतदान १९९१चे. तेव्हा आमचा लोकसभा मतदारसंघ होता बारामती. पुढे २००९ साली त्याच आकुर्डीत, त्याच शाळेतल्या मतदान केंद्रावर मी मावळच्या खासदारासाठी बटण दाबले. मग मोशीला घर घेतले आणि माझे नाव शिरूरच्या यादीत गेले. शहर एकच, महापालिका एकच, पाणीपट्टीचे बिलही त्याच पालिकेचे. मतदारसंघ मात्र तीन झाले. हे असे का झाले, हा प्रश्न मी आधी सातवीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढताना स्वतःला विचारला आणि नंतर मतदार यादीचे काम अंगावर आल्यावर गांभीर्याने विचारला. घरोघरी फिरून नावे तपासणारी बीएलओ म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या कामात यादीच्या प्रत्येक भागामागे एखादी वस्ती, एखादा कारखाना, एखादे धरण दिसू लागते.

सुरुवात खेडपासून करायला हवी, कारण चाकण आणि मावळ तालुका ज्या मतदारसंघात होते त्याचे नाव २००८पर्यंत खेड होते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत खेडमधून बाळासाहेब साळुंके निवडून आले, तेही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे. आजच्या वाचकाला याचे आश्चर्य वाटेल. पण त्याआधी तीनच वर्षे, २५ डिसेंबर १९५४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांचे घर होते. हा पट्टा त्यांच्या पायाखालचा होता. २००८च्या पुनर्रचनेत पिंपरी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, तेव्हा अनेकांना ती केवळ टक्केवारीची गोष्ट वाटली. कायद्याने ती टक्केवारीचीच गोष्ट आहे, हे खरे. पण माझ्या वर्गातल्या मुलांचे आजोबा देहूरोडच्या त्या दिवसाच्या आठवणी सांगतात. त्या ऐकल्यावर मला या राखीव जागेमागे फार जुनी माती दिसते.

खेडचा पुढचा इतिहास काँग्रेसचा. १९७७ साली अण्णासाहेब मगर, १९८०पासून प्रा. रामकृष्ण मोरे. ही दोन्ही नावे पिंपरी-चिंचवडकरांच्या तोंडी रोज असतात. नेहरूनगरचे स्टेडियम अण्णासाहेबांच्या नावाचे, चिंचवडचे नाट्यगृह मोरे सरांच्या नावाचे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून मार्च १९७०मध्ये नगरपालिका झाली, त्या उभारणीशी अण्णासाहेबांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मोरे सर पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि पहिलीपासून इंग्रजी आणली. आम्हा शिक्षकांना तो निर्णय चांगला आठवतो, कारण जूनमध्ये वर्गात उभे राहून तो अमलात आणायचा होता आम्हीच. पण गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही, की ज्यांनी हे शहर घडवले ते खेडचे खासदार होते आणि शहर स्वतः खेडमध्ये नव्हते. ते हवेली विधानसभेत होते, आणि हवेली होती बारामती लोकसभेत.

या हवेलीची कहाणी जरा थांबून सांगते, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६०नंतर आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीत एमआयडीसी. १९७१च्या जनगणनेत चार गावांची ही सगळी वस्ती एक लाखाच्या आत होती. १९८१ साली ती अडीच लाख झाली आणि पुढच्याच वर्षी महापालिका आली. १९९१ साली सव्वापाच लाखांच्या आसपास, २००१ साली दहा लाखांवर. आमच्या चाळीत मी आले तेव्हा आमच्या रांगेत लातूर, बीड, जळगाव, बुलढाणा, सातारा, एवढ्या जिल्ह्यांची माणसे होती. दिवाळीच्या फराळात दर घरची करंजी वेगळी असायची. शहर दर दहा वर्षांनी दुप्पट होत होते आणि विधानसभेत त्याच्या वाट्याला येणारा आमदार एकच, तोही निम्म्या तालुक्यासह.

कारण १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि मतदारसंघांची संख्या व हद्द १९७१च्या जनगणनेवर गोठवली गेली. त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा. पण राज्यांराज्यांतला हा न्याय करताना एकाच राज्यातल्या, एकाच जिल्ह्यातल्या वाढत्या शहरावर अन्याय झाला. जुन्नर-आंबेगावचा मतदार आणि हवेलीचा मतदार, दोघांच्या मताचे वजन सारखे राहिले नाही. हवेली राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक होऊन बसली. मतदान केंद्रावर रांग कधी संपायची नाही. शाळेचे वर्ग अपुरे पडायचे, मग व्हरांड्यात तट्ट्या लावून केंद्रे करायची.

बारामतीत असण्याचा शहराला फायदाही झाला, हे मोकळेपणाने सांगायला हवे. १९९१ साली इथून अजित पवार निवडून आले. पाठोपाठ शरद पवार केंद्रात संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्यासाठी ही जागा मोकळी केली गेली. त्या दिवसांपासून अजितदादांचे या शहराशी जे नाते जुळले, त्यातून रस्ते झाले, उड्डाणपूल झाले. पण बारामतीचा खासदार म्हटला की साखर कारखाना, उसाचे पाणी, दुधाचा भाव हे विषय आधी. आकुर्डीच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत राबणारा माणूस त्या सभांत मागे उभा राहायचा. त्याच्याबद्दल कोणाला राग नव्हता, त्याच्यासाठी शब्द नव्हते.

२००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. ८४व्या दुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली, आणि ८७व्या दुरुस्तीने राज्याच्या आतल्या हद्दी २००१च्या जनगणनेनुसार नव्याने आखायला परवानगी दिली. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा कायम. म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. २००१ची राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख. तिला २८८ने भागले की एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसे येतात. पिंपरी-चिंचवडची दहा लाखांवर लोकसंख्या घेऊन हा भागाकार करून पाहा. बरोबर तीन. हवेली मोडली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी असे तीन मतदारसंघ शहराच्या हक्काने शहराला मिळाले. पंचवीस वर्षांची थकबाकी त्या दिवशी वसूल झाली. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता आणि अजून होतो.

पुढचा भागाकार मात्र शहराला फोडणारा निघाला. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाख, म्हणून विधानसभेच्या जागा २१. रायगडची २२ लाख, म्हणून जागा ७. पुण्याच्या २१ जागांतून सहा-सहाचे तीन गट झाले : पुणे, बारामती आणि शिरूर. तीन जागा उरल्या. रायगडच्या सातांपैकी चार जागा रत्नागिरीच्या दापोली आणि गुहागरला जोडून रायगड लोकसभा झाली. तिथेही तीन जागा उरल्या. घाटावरच्या उरलेल्या तीन म्हणजे मावळ, चिंचवड, पिंपरी. घाटाखालच्या तीन म्हणजे पनवेल, कर्जत, उरण. ही बेरीज म्हणजे मावळ लोकसभा मतदारसंघ. आणि शिरूरचा सहाचा आकडा पुरा करायला जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि शिरूर यांच्यासोबत हडपसर आणि आमची भोसरी घेतली गेली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने हे सगळे लागू झाले. खेड लोकसभा मतदारसंघ त्या दिवशी संपला.

परिसीमनाच्या अंतिम आदेशाविरुद्ध न्यायालयात सहसा जाता येत नाही. मसुदा निघतो तेव्हा हरकती घ्यायच्या असतात. आमच्या चाळीतल्या, आमच्या कंपन्यांतल्या किती जणांना हे माहीत होते? मला स्वतःला तेव्हा माहीत नव्हते.

अशा रीतीने घारापुरीच्या लेण्यांपासून कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत आणि उरणच्या बंदरापासून पिंपरीच्या कारखान्यांपर्यंत एक मतदारसंघ झाला. मधे बोरघाट. पाहणाऱ्याला ही उरल्यासुरल्याची मोट वाटते, आणि कित्येक वर्षे मलाही तसेच वाटायचे. मग एकदा शाळेची सहल एकवीरा आईला गेली होती. चैत्राचे दिवस. पायऱ्यांवर उरण-पनवेलकडच्या आगरी-कोळी कुटुंबांची दाटी होती. बँड, पालख्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. त्यांची कुलस्वामिनी घाटावर मावळात आणि त्यांची घरे खाली समुद्रालगत. शेकडो वर्षे ही माणसे हा घाट चढून येत आहेत. आयोगाला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्याने आखलेल्या रेषेच्या खूप आधीपासून वरखाली एक वाट होती.

दुसरे नाते जमिनीचे आहे, आणि ते अधिक खोल आहे. ज्या मार्च १९७०मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, त्याच महिन्यात नवी मुंबई उभारण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. दोन वर्षांनी, १९७२ साली, आमच्याकडे नवनगर विकास प्राधिकरण आले. खाली पनवेल-उरणच्या भातशेतीवर शहर आणि बंदर उभे राहणार, वर निगडी-आकुर्डीच्या जिरायतीवर कामगारांची घरे. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हाती आला तो तुटपुंजा मोबदला. खालच्या शेतकऱ्यांना दि. बा. पाटील भेटले. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पनवेलचे आमदार होते, कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, खासदार होते. त्या कुलाबा मतदारसंघाने १९५२ साली देशाला चिंतामणराव देशमुखांसारखा अर्थमंत्री दिला होता, ज्यांनी पुढे मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. जानेवारी १९८४मध्ये जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत दि. बा. पुन्हा लोकसभेत गेले.

आता घाट चढून वर या. प्राधिकरणात जमिनी गेलेले आमच्याकडचे जुने शेतकरीही तोच आकडा मागत आले : साडेबारा टक्के परतावा. माझ्या यादीभागात असे एक आजोबा होते. त्यांच्या घरी गेले की जुना सातबारा समोर ठेवत आणि म्हणत, "बाई, उरणच्या लोकांना जे मिळालं, तेच आम्ही मागतोय. जास्त एक टक्काबी नाय." त्यांनी उरण कधी पाहिले नव्हते. उरण आणि निगडी एका मतदारसंघात आहेत, हे त्यांना माहीत असेल-नसेल. पण जासईला जे घडले त्याचा अर्थ त्यांना कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा नीट समजला होता. मावळ मतदारसंघाला जर काही आत्मा असेल तर तो या साडेबारा टक्क्यांत आहे, असे मला ठामपणे वाटते. आणि याच मुद्द्यावर वरचे शेतकरी आणि खालचे शेतकरी एका मांडवात बसलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

तिसरे नाते पाण्याचे, आणि ते दुखरे आहे. पिंपरी-चिंचवड पवनेचे पाणी पिते. धरण मावळात, तहान शहरात. धरणापासून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणायचे ठरले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांना भीती वाटली की नदीत सोडले जाणारे पाणी बंद झाले तर काठची शेती जाईल. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर त्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले, त्यांत एक बाई होती. जलवाहिनीचे काम त्या दिवशी थांबले ते पुढे अनेक वर्षे थांबलेलेच राहिले. मरणारे आणि ज्यांच्यासाठी पाणी न्यायचे होते ते, दोघेही एकाच खासदाराचे मतदार. त्या आठवड्यात वर्गात पवना नदीचा पाठ होता. मी मुलांना नदीचा उगम सांगितला, मुख सांगितले, आणि मग पुस्तक मिटून बऊरचे सांगितले. सांगायलाच हवे होते. आमच्या नळाला जे पाणी येते त्याची ती किंमत आहे.

निवडणुकांचे आकडे वाचकांना ठाऊक असतील, थोडक्यात सांगते. २००९ साली हवेलीचे आमदार राहिलेले शिवसेनेचे गजानन बाबर यांनी राष्ट्रवादीच्या आझम पानसरे यांना ऐंशी हजारांवर मतांनी हरवले. २०१४ साली शिवसेनेचे श्रीरंग बारणे आले. त्यांच्याविरुद्ध लक्ष्मण जगताप शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्यावर लढले. पिंपळे गुरवचा उमेदवार आणि पनवेल-उरणचा लाल बावटा, असा मेळ त्याआधी कोणी कल्पिला नसता. २०१९ साली बारणेंनी पार्थ पवारांना २ लाख १५ हजार ९१३ मतांनी हरवले, २०२४ साली संजोग वाघेरे यांना ९६ हजार ६१५ मतांनी. या चारही निवडणुकांत पहिल्या दोन क्रमांकांवर आलेला एकही उमेदवार घाटाखालचा नव्हता. पनवेल-उरण-कर्जतच्या माणसाने हे किती दिवस सोसायचे? त्यांच्याकडे बंदर, विमानतळ, खारफुटी, मच्छीमारांचे प्रश्न आहेत, आणि त्यांच्या वतीने बोलणारा दर वेळी घाट उतरून येतो.

माझ्या आजच्या मतदारसंघाकडे, शिरूरकडे येते. मोशीहून नाशिक रस्त्याने इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, कुरुळी आणि मग चाकण. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवले तो संग्रामदुर्ग इथला. कांद्याचा मोठा बाजारही इथला. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला आला. पण फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले ते २००९ साली, म्हणजे शिरूर मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली त्याच वर्षी. ज्या २००१च्या शिरगणतीवर ही हद्द आखली, तेव्हाचे चाकण म्हणजे बाजारपेठेचे एक मोठे गाव होते. आखणाऱ्यांच्या कागदावर शिरूर हा ग्रामीण मतदारसंघ होता, त्याला शहराचे दोन तुकडे जोडलेले. लागू होईपर्यंत देशाच्या मोटार उद्योगाचा एक मोठा भाग त्यात येऊन बसला होता.

म्हणून शिरूरची निवडणूक दोन भाषांत चालते. जुन्नर-आंबेगावात कांदा, बिबट्या, बैलगाडा शर्यत. बैलगाड्याची ही साधी हौस नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, २०२१च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि २०२३मध्ये निकाल शर्यतीच्या बाजूने लागला. परवानगी मिळेपर्यंत गावोगावचे शर्यतीचे घाट सुने पडले होते आणि त्या काळात प्रत्येक उमेदवाराला बैलगाड्यावर बोलावेच लागत होते. भोसरीतही गावकीची माणसे घाटाची पक्की शौकीन आहेत. पण इमारतींत राहणाऱ्या मतदाराला हवी असते नाशिक रस्त्याची सुटका, चाकण चौकातली कोंडी फुटणे, रेल्वे. खेड तालुक्यात होणारा विमानतळ पुरंदरकडे गेला, तेव्हा चाकणच्या उद्योजकाला ती हानी वाटली आणि जमीन वाचलेल्या शेतकऱ्याला सुटका वाटली. शिवाजीराव आढळराव २००४ साली खेडचे आणि नंतर दोनदा शिरूरचे खासदार. २०१९ साली डॉ. अमोल कोल्हे यांनी त्यांना ५८ हजार ४८३ मतांनी हरवले, तेव्हाही भोसरीने मताधिक्य आढळरावांना दिले होते. २०२४ साली कोल्हेच पुन्हा आले.

तळेगाव-चाकण रस्त्याने एकदा जाऊन पाहा. सुदुंबरे मावळ तालुक्यात, पुढचे खालुंब्रे खेड तालुक्यात. दोन्ही बाजूंना तीच गोदामे, तेच कंटेनर, तीच कामगारांची बस. सुट्या भागांची गाडी मावळातून निघते, शिरूरमध्ये उतरते, आणि तयार माल घाट उतरून पुन्हा मावळ मतदारसंघातल्याच उरणच्या बंदराकडे जातो. कारखान्यांनी हा सगळा पट्टा एक केला आहे. संसदेत त्याच्यासाठी उभे राहणारे तीन जण आहेत आणि तिघांनाही तो आपला मुख्य विषय वाटत नाही, कारण तिघांच्याही मतदारसंघात तो एका कडेला येतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि बाकीचा इतिहास मी त्यासाठीच सांगितला.

आणि ज्यांच्या हातांवर हा पट्टा चालतो ते तर यादीतच नाहीत. बीएलओ म्हणून फिरताना भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागतात. एका खोलीत चौघे-पाच जण, पाळीनुसार झोपणारे. नाव नोंदवायचा अर्ज क्रमांक ६ पुढे केला की उत्तर ठरलेले. माझ्याच औसा तालुक्यातला एक तरुण मला म्हणाला होता, "मॅडम, नाव गावाकडंच राहू द्या. इथली खोली आज हाय, उद्या न्हाई. गावाकडं रेशन हाय, घरकुलाच्या यादीत नाव हाय." रेशनचा आणि मताचा संबंध नाही, हे मी त्याला समजावले. त्याला ते पटले, पण भीती गेली नाही. दुसऱ्या एका खोलीत नाव नोंदवायची तयारी होती, तर घरमालक भाडेकराराची प्रत द्यायला तयार नव्हता. लोकप्रतिनिधित्वाचा १९५०चा कायदा सांगतो की माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचे नाव असावे, घर स्वतःचे असण्याची अट नाही. हे वाक्य मी किती दारांत म्हटले असेल! निवडणुकीच्या आदल्या रात्री गावाकडून गाड्या येतात आणि खोल्या रिकाम्या होतात. २०२४ साली लातूरचे मतदान ७ मे रोजी होते, ती मुले जाऊन आली. बीडचे मतदान आमच्याच दिवशी होते. त्या दिवशी चाकणच्या खोल्यांना कुलपे होती.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मतदारसंघ आखले जातात ते लोकसंख्येवर, मतदारसंख्येवर नव्हे. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. म्हणजे चाकणच्या खोलीतला तो तरुण उद्याच्या जनगणनेत इथे मोजला जाईल, त्याच्या डोक्यामुळे इथल्या जागा वाढतील, आणि मत मात्र तो औशाला जाऊन देईल. त्याच्या संख्येवर निवडून आलेल्या खासदाराला त्याच्याकडे मत मागायला यावेच लागणार नाही.

२०११ साली शहर सव्वासतरा लाखांचे होते. मावळची मतदारसंख्या २०२४ साली पंचवीस लाखांच्या पुढे गेली. २०२६नंतरच्या जनगणनेनंतर पुन्हा परिसीमन होईल आणि पुन्हा मसुदा निघेल. या वेळी मी हरकत घेणार आहे आणि माझ्या शाळेतल्या, सोसायटीतल्या, जुन्या चाळीतल्या सगळ्यांना घ्यायला लावणार आहे. भोसरी चिंचवड-पिंपरीला परत जोडा, त्यांच्यासोबत चाकण आणि तळेगाव ठेवा, हिंजवडी घ्या, कारखान्यांचा हा पट्टा एका खासदाराच्या हाती द्या. पनवेल-उरण-कर्जतला त्यांचा स्वतःचा खासदार द्या. एकवीरेची वाट त्याने बंद होणार नाही, साडेबारा टक्क्यांचा धडाही पुसला जाणार नाही. देहू-आळंदीला एकत्र ठेवता आले तर ठेवा. आणि हरकतींची सुनावणी पुण्याच्या एखाद्या सभागृहात न घेता चाकणला आणि भोसरीला घ्या. ती गुरुवारी ठेवा. इथल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी त्याच दिवशी असते.